किराणा आणि घरखर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किराणा, भाजीपाला आणि घरात लागणाऱ्या इतर खाद्यवस्तूंच्या खर्चाविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतील किमती केवळ हिशेब समजावा म्हणून घेतल्या असल्याने त्यांना चलनाचे नाव जोडलेले नाही. पुढील सर्व उत्तरांत ‘स्वस्त’ हा शब्द एकाच अर्थाने वापरला आहे : घरात प्रत्यक्ष खाल्ल्या गेलेल्या अन्नामागे कमी पैसे जाणे. बिलाची रक्कम कमी दिसणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती पुष्कळदा फसवी असते.

१. उत्पन्नाचा किती हिस्सा किराण्यावर खर्च होणे योग्य आहे?

सर्व घरांना लागू पडेल असा आकडा सांगता येत नाही. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदींवरून दाखवून दिले की उत्पन्न वाढत जाते तसतशी अन्नावरील रक्कम वाढली तरी तिचा एकूण खर्चातील हिस्सा घटत जातो. त्यामुळे ‘उत्पन्नाचे अमुक टक्के’ हा सल्ला कमी उत्पन्नाच्या घराला उगाच दोषी ठरवतो आणि जास्त उत्पन्नाच्या घराला उगाच मोकळीक देतो. मागील तीन महिन्यांचा स्वतःच्या घराचा खर्च जमवावा, त्याची सरासरी काढावी आणि पहिल्या महिन्याचे अंदाजपत्रक त्याच रकमेचे ठेवावे. कपातीचा विचार दुसऱ्या महिन्यापासून केलेला बरा, कारण खर्च कोठे होतो हे कळण्याआधी केलेली कपात सहसा फळे, दूध आणि भाज्यांवर येते, कारण त्या वस्तू कमी आणणे सर्वांत सोपे असते.

२. खर्चाची नोंद किती बारकाईने ठेवावी? प्रत्येक वस्तू लिहिणे आमच्याने होत नाही.

प्रत्येक वस्तू लिहिण्याची गरज नाही. तीन रकाने पुरतात. पहिला टिकाऊ वाणसामानाचा, म्हणजे धान्य, डाळी, तेल, साखर, मसाले यांचा. दुसरा नाशवंत मालाचा, म्हणजे भाज्या, फळे, दूध, अंडी, मांस-मासे यांचा. आणि तिसरा तयार खाद्यपदार्थ व पेयांचा. साबण, कपडे धुण्याची पावडर, कागदी रुमाल या गोष्टी त्याच दुकानातून येत असल्या तरी त्यांची रक्कम वेगळी काढावी, नाही तर अन्नाचा खर्च नेमका किती हे कधीच समजत नाही. याशिवाय चौथी एक नोंद ठेवावी : काय फेकून दिले. तिच्यात रक्कम लिहिली नाही तरी चालते, पण वस्तूचे नाव लिहावे. दोन महिन्यांत तीच तीन-चार नावे पुन्हा पुन्हा आलेली दिसतील आणि बहुतेक घरांत बचतीची सुरुवात तेथूनच करता येते.

३. अंदाजपत्रक महिन्याचे असावे की आठवड्याचे?

टिकाऊ सामानासाठी महिन्याचे आणि नाशवंत मालासाठी आठवड्याचे असावे. मात्र येथे एक ठराविक चूक होते : महिन्याच्या रकमेला चाराने भागून आठवड्याची रक्कम काढली जाते. वर्षात ५२ आठवडे असतात, तर बारा महिन्यांचे चार-चार आठवडे धरले की ४८ होतात. उरलेल्या चार आठवड्यांसाठी अंदाजपत्रकात काहीच तरतूद राहत नाही आणि दर तिमाहीत एकदा ‘या महिन्यात खर्च कसा वाढला’ असा प्रश्न पडतो. महिन्याच्या रकमेला ४.३३ ने भागावे, किंवा वर्षाची रक्कम धरून तिला ५२ ने भागावे.

४. उत्पन्न दर महिन्याला सारखे नसेल तर हे कसे जमवावे?

ज्या महिन्यात सर्वांत कमी पैसे आले, तो महिना पाया धरून नाशवंत मालाची आठवड्याची रक्कम ठरवावी आणि ती चांगल्या महिन्यातही शक्यतो बदलू नये. जास्त पैसे येतील त्या महिन्यात टिकाऊ सामान पुढील एक-दोन महिन्यांपुरते भरून ठेवावे. ओढाताणीच्या महिन्यात धान्य, डाळ आणि तेल घरात असले की हातातले पैसे ताज्या मालासाठी मोकळे राहतात. चांगल्या महिन्यातील जादा रक्कम तयार पदार्थांवर गेली तर तिचा असा उपयोग होत नाही. साठा किती आणि कशाचा करावा, यासाठी प्रश्न १५ पाहावा.

५. यादी करतो, तरीही दुकानातून भलतेच सामान घेऊन येतो. यादीत काय चुकते?

बहुतेक याद्या आठवणीतून लिहिल्या जातात आणि आठवण ही संपलेल्या वस्तूंची असते. शिल्लक असलेल्या वस्तू तिच्यात येत नाहीत. म्हणून यादी स्वयंपाकघरात उभे राहून, डबे आणि फ्रिज उघडून लिहावी. आधी लवकर वापरल्या पाहिजेत अशा वस्तू कागदाच्या एका बाजूला लिहाव्यात, त्यांच्यापासून काय करता येईल हे ठरवावे आणि ते करण्यासाठी जे कमी पडते तेवढेच यादीत घालावे. प्रत्येक वस्तूपुढे प्रमाण लिहिणे अत्यावश्यक आहे. नुसते ‘टोमॅटो’ लिहिले की किती घ्यायचे हा निर्णय दुकानात होतो, आणि तेथे डोळ्यांसमोर ढीग असल्याने हात सैल सुटतो.

यादीबाहेरचे काहीच घ्यायचे नाही, असा कडक नियम मात्र टिकत नाही. त्याऐवजी एखाददुसऱ्या वस्तूची जागा यादीतच रिकामी सोडावी. चांगला ताजा माल अनपेक्षितपणे स्वस्त मिळाला तर तो घेता येतो, आणि नियम मोडल्याची भावना न राहिल्याने पुढची सगळी यादी बाजूला पडत नाही.

६. आठवड्याचा बेत ठरवतो, पण बुधवारनंतर तो पाळला जात नाही. मग भाज्या वाया जातात.

सातही दिवसांचा बेत ठरवणे हेच त्याचे कारण आहे. एखादे दिवशी उशीर होतो, एखादे दिवशी आदल्या रात्रीचे उरलेले असते, एखादे दिवशी बाहेर खाल्ले जाते. सात दिवसांपैकी चार किंवा पाच दिवसांचाच ताजा बेत करावा आणि उरलेले दिवस टिकाऊ सामानावर किंवा उरलेल्या अन्नावर सोडावेत. दुसरे असे की बेताला वार जोडण्याऐवजी क्रम जोडावा : पालेभाज्या, कोथिंबिरीसारखी पाने आणि मऊ फळे आधी, फ्लॉवर, फरसबी, वांगी त्यानंतर, कोबी, गाजर, भोपळा, बटाटे आणि कांदे शेवटी. एक दिवस चुकला तरी सगळा क्रम फक्त एका दिवसाने पुढे सरकतो.

७. दोन वेगवेगळ्या आकारांच्या पाकिटांची किंमत ताडून कशी पाहावी?

किमतीला वजनाने भागून १०० ग्रॅमची किंवा एका किलोची किंमत काढावी. समजा, ४०० ग्रॅमचे पाकीट ९६ ला आणि ६५० ग्रॅमचे १६३ ला आहे. पहिल्याची १०० ग्रॅमची किंमत २४ होते, दुसऱ्याची २५ पेक्षा किंचित जास्त. येथे मोठे पाकीट महाग ठरले. अनेक देशांत दुकानदाराने फळीवरील चिठ्ठीवर अशी एकक किंमत छापणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाने त्यासाठीचा निर्देश १९९८ मध्ये काढला. परंतु चिठ्ठी वाचतानाही एक काळजी घ्यावी : एका वस्तूची किंमत १०० ग्रॅममागे आणि शेजारच्या वस्तूची किलोमागे छापलेली असू शकते. नगावर विकल्या जाणाऱ्या वस्तूंत नग किती मोठा आहे हेही पाहावे. अंडी डझनाच्या भावाने स्वस्त वाटली आणि ती आकाराने लहान निघाली तर वजनाच्या हिशेबात ती महाग असू शकतात.

८. एका पाकिटावर लिटर आणि दुसऱ्यावर किलो लिहिलेले असेल तर?

हा प्रश्न मुख्यतः खाद्यतेलाच्या बाबतीत येतो आणि त्यात फरक बराच पडतो. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरते. म्हणजे एक लिटरचे आणि एक किलोचे पाकीट एकाच किमतीला असेल तर लिटरचे पाकीट सुमारे नऊ टक्के महाग पडते. मधाचे याच्या उलट आहे : तो पाण्यापेक्षा बराच जड असून एका लिटरचे वजन सुमारे १.४ किलो होते. दुधात हा फरक तीन टक्क्यांच्या आसपास असल्याने रोजच्या खरेदीत तो सोडून दिला तरी चालतो.

आइस्क्रीम हा यातील सर्वांत निसरडा प्रकार आहे. ते बनवताना मिश्रणात हवा मिसळली जाते आणि काही प्रकारांत हवेमुळे आकारमान जवळजवळ दुप्पट होते, म्हणून एक लिटरच्या दोन डब्यांत प्रत्यक्ष माल बराच कमी-जास्त असू शकतो. डब्यावर ग्रॅममधील वजन छापलेले असेल तर तुलना त्यावरूनच करावी. नसेल तर दोन्ही डबे हातात घेऊन पाहिले तरी अंदाज येतो.

९. मोठे पाकीट नेहमीच फायद्याचे असते ना?

नाही, आणि प्रश्न ७ मधील उदाहरण त्यासाठीच मुद्दाम तसे घेतले आहे. मोठे म्हणजे स्वस्त हा समज इतका पक्का आहे की विक्रेत्याला तो सिद्ध करावा लागत नाही. पण एकक किंमत खरोखरच कमी असली तरी आणखी दोन बाबी तपासाव्यात. पहिली म्हणजे वस्तू संपेपर्यंत चांगली राहील का. दळलेले मसाले काही महिन्यांत वास गमावतात, अख्खे मसाले त्यांच्यापेक्षा बरेच जास्त टिकतात. अख्ख्या धान्याच्या पिठात अंकुराचे तेल असते, म्हणून ते मैद्यापेक्षा लवकर खवट होते. दुसरी बाब वापराच्या वेगाची. डबा मोठा झाला की चमचाही मोठा होतो. खाऊ, गोड पदार्थ आणि पेये यांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. ज्या वस्तूचा वापर ठरलेल्या मापाने होतो तीच मोठ्या प्रमाणात घ्यावी.

१०. ‘दोनवर एक मोफत’, ‘२५ टक्के जादा’, ‘दुसरा नग निम्म्या किमतीत’ : यांतील खरी सवलत किती?

प्रत्येक योजनेचे रूपांतर ‘एका नगामागे किती टक्के सूट’ यात करावे. दोनवर एक मोफत म्हणजे तीन नगांना दोनाची किंमत, अर्थात ३३ टक्क्यांहून थोडी अधिक सूट. दुसरा नग निम्म्या किमतीत म्हणजे दोन नगांना दीड नगाची किंमत, अर्थात २५ टक्के. त्याच किमतीत २५ टक्के जादा माल म्हणजे सूट २५ टक्के नसून २० टक्के, कारण १०० ची किंमत देऊन १२५ मिळतात. आणि आधी २० टक्के, मग त्यावर आणखी १० टक्के सूट म्हणजे एकूण २८ टक्के, ३० नव्हे.

आता हाच हिशेब घरी आणून पाहावा. दोनवर एक मोफत घेतलेल्या तीन नगांपैकी एक वाया गेला, तर पैसे दोनाचे गेले आणि खाल्लेही दोनच. सूट शून्य झाली. म्हणून नाशवंत मालावरील अशा योजना फक्त दोन स्थितींत घ्याव्यात : तिसऱ्या नगाचा वापर त्याच दिवशी ठरलेला असेल, किंवा तो फ्रीझरमध्ये ठेवता येत असेल. सवलतीआधीची मूळ किंमत खरी होती का, हे कळण्याचा भरवशाचा मार्ग एकच आहे. घरात नेहमी लागणाऱ्या वीस-पंचवीस वस्तूंचे भाव एका वहीत किंवा फोनमध्ये नोंदवून ठेवावेत. बाकीच्या वस्तूंचे भाव लक्षात ठेवण्याचा खटाटोप करू नये.

११. पाकीट तेच, किंमत तीच, पण वस्तू लवकर संपते. हा भास आहे का?

भास नसण्याची शक्यता मोठी आहे. किंमत न वाढवता आतील वजन कमी करण्याची पद्धत उत्पादकांत जगभर रूढ आहे, कारण ग्राहक किंमत लक्षात ठेवतो आणि वजन वाचत नाही. पाकीट ५०० ग्रॅमचे ४५० ग्रॅम झाले आणि किंमत तीच राहिली, तर वजन दहा टक्क्यांनी कमी झाले. पण भाव मात्र ११ टक्क्यांहून थोडा अधिक वाढला. प्रश्न १० मध्ये सांगितलेल्या वहीत किमतीशेजारी वजनही लिहिले तर हा बदल पहिल्याच महिन्यात सापडतो.

१२. स्वस्त किंवा दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकला जाणारा माल निकृष्ट असतो का?

ते वस्तूवर अवलंबून आहे. साखर, मीठ, तांदूळ, वाळलेली कडधान्ये यांसारख्या एकाच घटकाच्या वस्तूंत नावाने फारसा फरक पडत नाही. दाणा, रंग, वास आणि खडे पाहून निवड करता येते. अनेक घटकांच्या वस्तूंत मात्र पाकिटाची मागची बाजू वाचावी. आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. फळाच्या जॅमवर पहिले नाव साखरेचे असेल तर त्यात फळापेक्षा साखर जास्त आहे, आणि मग महागड्या व स्वस्त बाटलीतील फरक पुष्कळदा चित्रापुरताच राहतो. एकदम सगळे बदलण्यापेक्षा एका खरेदीत एकच वस्तू बदलून पाहावी. ती घरात कोणाच्या लक्षात आली नाही तर प्रश्न मिटला.

१३. भाज्या, फळे आणि मांस यांची तुलना वजनावरून करणे बरोबर आहे का?

अपुरे आहे, कारण विकत घेतलेल्या वजनातला बराच भाग टाकून दिला जातो. खरी किंमत खाण्याजोग्या भागाची काढावी : भावाला खाण्याजोग्या हिश्श्याने भागावे. मटाराच्या शेंगांतून साधारण ३५ ते ४० टक्के दाणे निघतात. शेंगा ६० ने किलो असतील आणि दाणे ४० टक्के निघाले, तर दाण्यांची किंमत किलोला १५० पडते. गोठवलेले मटार १३० ने मिळत असतील तर महाग दिसणारे तेच खरे स्वस्त आहेत, शिवाय सोलण्याची मेहनत वाचते. केळ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग सालीत जातो. हाडांसह आणि हाडांविना मांस, डोक्या-शेपटीसह आणि साफ केलेला मासा यांनाही हाच हिशेब लावावा. फक्त हाडांचे सार घरात होत असेल तर ती हाडे टाकाऊ धरू नयेत.

गोठवलेल्या भाज्यांकडे कमअस्सल म्हणून पाहण्याचे कारण नाही. त्या तोडणीनंतर लवकर गोठवल्या जात असल्याने त्यांतील पोषणमूल्य, फ्रिजमध्ये काही दिवस पडून राहिलेल्या ताज्या भाजीच्या तोडीचे असते आणि लागेल तेवढीच मूठ काढून घेता येते. डबाबंद कडधान्ये घेताना पाणी काढल्यानंतरचे वजन पाहावे. वाळलेले एक किलो कडधान्य शिजून दोन ते अडीच किलो होते, त्यामुळे तुलना शिजवलेल्या वजनाचीच करावी आणि त्यात इंधनाचाही विचार करावा. चिरलेल्या भाज्यांची किंमत कितीतरी जास्त असते आणि त्या लवकर खराब होतात. तरीही हात दुखणाऱ्या, वयस्क किंवा वेळ अजिबात नसलेल्या माणसाला त्यामुळे घरी स्वयंपाक करता येत असेल, तर तो खर्च बाहेरच्या जेवणापेक्षा कमीच ठरतो.

१४. पाकिटावरील तारीख उलटली की वस्तू फेकून द्यावी का?

तारखा दोन प्रकारच्या असतात आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख आहे : त्या दिवसापर्यंत चव, वास आणि पोत उत्तम राहील असे उत्पादक सांगतो. ती उलटलेली वाळलेली कडधान्ये, तांदूळ किंवा बिस्किटे नीट बंद आणि कोरडी राहिली असतील तर पाहून, वास घेऊन वापरता येतात. ‘युज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख आहे. कच्चे मांस, मासे आणि इतर लवकर बिघडणाऱ्या पदार्थांवर ती असते आणि ती उलटल्यावर वस्तू वास चांगला येत असला तरी खाऊ नये, कारण आजार पसरवणारे जंतू वासावरून कळतीलच असे नाही. दोन्ही तारखा पाकीट न फोडता, सांगितलेल्या तापमानात ठेवल्यास लागू असतात. पाकीट फोडल्यानंतर ‘इतक्या दिवसांत वापरा’ ही सूचना महत्त्वाची ठरते. फुगलेला किंवा गळणारा डबा तारीख कितीही पुढची असली तरी चाखूनही पाहू नये.

तारीख जवळ आलेला माल कमी किमतीत मिळत असेल तर तो आज किंवा उद्या शिजवायचा असेल तरच, किंवा त्याच दिवशी गोठवायचा असेल तर घ्यावा.

१५. साठा किती करावा, आणि तो वाया कसा जाऊ देऊ नये?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षी जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, म्हणजे ग्राहकांना उपलब्ध झालेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा भाग. आणि त्यातील सुमारे ६० टक्के नासाडी दुकाने किंवा उपाहारगृहांत झालेली नसून घरांत झाली. भाव करून वाचवलेले पैसे घरात कोठे जातात, याचे हे उत्तर आहे.

साठ्याचे माप दिवसांत धरावे. नेहमीची वस्तू किती दिवसांत संपते हे पाकीट फोडताना त्यावर तारीख लिहून ठेवल्यास एकाच फेरीत कळते. टिकाऊ सामान पुढील खरेदीपर्यंतचे अधिक दोन आठवड्यांचे असणे पुरेसे आहे. नवे पाकीट मागे आणि जुने पुढे ठेवावे. जुन्या डब्यात नवे धान्य वरून ओतण्याची सवय सोडावी, कारण तळाचे धान्य वर्षानुवर्षे तळाशीच राहते आणि कीड तेथूनच पसरते. धान्य किंवा पीठ घरी आणल्यावर उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस ठेवल्यास त्यातील किडे आणि त्यांची अंडी मरतात. त्यानंतर ते पूर्ण सामान्य तापमानाला येऊ देऊन मगच डबा उघडावा, म्हणजे आत ओल धरत नाही.

ताज्या मालात जागेची निवड महत्त्वाची असते. पिकलेली केळी, सफरचंदे आणि टोमॅटो इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्यामुळे शेजारच्या पालेभाज्या आणि काकड्या लवकर पिवळ्या पडतात. ही दोन कुळे वेगळी ठेवावीत. बटाटे अंधारात ठेवावेत आणि कांद्यांपासून दूर. फ्रिजचे तापमान ५ अंशांखाली असावे, आणि शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

१६. वीज बराच वेळ गेली तर फ्रीझरमधला सगळा साठा फेकावा लागतो का?

दार उघडले नाही तर भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास गार राहतो. फ्रिजचा खालचा भाग मात्र चार तासांच्या आसपासच. ज्या पदार्थात अजून बर्फाचे कण आहेत तो पुन्हा गोठवता येतो, दर्जा थोडा उतरतो इतकेच. जेथे वीज वारंवार जाते, तेथे महागडे मांस-मासे मोठ्या प्रमाणात गोठवून ठेवण्यापेक्षा वाळलेल्या मालाचा साठा करणे शहाणपणाचे आहे.

१७. दुकानात किती वेळा जावे? घरपोच मागवणे स्वस्त की महाग?

नाशवंत मालासाठी आठवड्यातून एक-दोनदा आणि टिकाऊ मालासाठी महिन्यातून एकदा, हे बहुतेक घरांना जमते. ‘फक्त दूध आणायला’ मारलेल्या फेऱ्या अंदाजपत्रकाला सर्वांत जास्त भोके पाडतात, कारण अशी फेरी यादीशिवाय होते. दुकानाची मांडणीही ग्राहक जास्त वेळ आत राहावा अशीच केलेली असते. चाकांची ढकलगाडी अमेरिकेतील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ मध्ये वापरात आणली, ती ग्राहकांच्या हातातील टोपली जड झाली की त्यांची खरेदी थांबते हे पाहूनच. दोन-तीन वस्तूंसाठी गेल्यास गाडी घेऊ नये, हा त्यातून निघणारा साधा उपाय आहे.

घरपोच मागवण्यात हाती लागणारा मोठा फायदा म्हणजे एकूण रक्कम सतत दिसते आणि पैसे भरण्याआधी वस्तू काढून टाकता येतात. तोटा असा की पोहोचवण्याचा आकार (शुल्क) टाळण्यासाठी किमान रकमेपर्यंत बिल फुगवले जाते. आकार ४० असेल आणि तो वाचवण्यासाठी १५० ची नको असलेली वस्तू घेतली जात असेल, तर आकार भरावा. दूरच्या स्वस्त दुकानालाही हेच लागू आहे : वाचलेल्या रकमेतून प्रवासखर्च वजा करावा.

१८. एखाद्या वस्तूचा भाव अचानक दुप्पट झाला तर साठा करावा की वापर थांबवावा?

ताज्या भाज्यांचा भाव चढला असेल तर त्याचे कारण बहुधा हंगाम, पाऊस किंवा वाहतूक असते आणि नवा माल आल्यावर तो उतरतो. चढत्या भावात साठा करणे म्हणजे सर्वांत महाग माल सर्वांत जास्त घेणे. त्या वस्तूचे पदार्थातील काम काय, हे पाहून पर्याय शोधावा : आंबटपणासाठी लागत असेल तर दुसरा आंबट पदार्थ, दाटपणासाठी लागत असेल तर दुसरी दाट करणारी वस्तू, प्रथिनांसाठी लागत असेल तर दुसरे कडधान्य किंवा अंडी.

१९. घरात एकटाच राहतो. लहान पाकिटे महाग पडतात, मोठी वाया जातात. काय करावे?

एकट्या माणसाला ही अडचण खरोखरच असते आणि ती पूर्णपणे सुटत नाही. वजनावर सुटा मिळणारा माल आणि गोठवलेल्या भाज्या यांचा सर्वांत जास्त उपयोग अशा घरालाच होतो. शेजारी किंवा मित्र यांच्याबरोबर मोठे पाकीट वाटून घेता येते, पण फक्त टिकाऊ वस्तूंचे. नाशवंत वस्तूंत एकक किंमत विसरून लहान पाकीट घ्यावे. निम्मे फेकले जाणारे मोठे पाकीट त्याहून महाग असते.

२०. क्रेडिट कार्डावर किराणा घेणे चुकीचे आहे का?

पूर्ण बिल मुदतीत भरले जात असेल तर नाही. थकबाकी पुढे ढकलली जात असेल, तर खाऊन संपलेल्या अन्नावर पुढे कित्येक महिने व्याज भरले जाते आणि कार्डावरील सवलतीचे गुण ते भरून काढू शकत नाहीत. अशा काळात नाशवंत मालाची आठवड्याची रक्कम रोख बाजूला काढून ठेवणे उपयोगी पडते.

२१. बिलात चूक आढळली तर परत जाणे बरे दिसते का?

निःसंकोच जावे, आणि शक्यतो काउंटरवरून हलण्याआधीच बिल पाहावे. तपासायचे असते ते एवढेच : सवलतीची वस्तू सवलतीच्या भावात लागली का, एखादी वस्तू दोनदा मोजली गेली का, आणि वजनावरच्या मालात वजनाचा आकडा पटण्याजोगा आहे का. फळीवरील चिठ्ठीचा फोटो काढून ठेवल्यास वाद वाढत नाही.

२२. काटकसर कोठे करूच नये?

अर्भकाच्या दुधाची पावडर ठरलेल्या प्रमाणापेक्षा पातळ करून पुरवणे धोकादायक आहे. प्रमाण डब्यावर दिल्याप्रमाणेच ठेवावे. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीसाठी नाव बदलून स्वस्त वस्तू घेताना घटकांची यादी प्रत्येक वेळी नव्याने वाचावी, कारण उत्पादक घटक बदलतात आणि पाकीट तसेच दिसते. वैद्यकीय कारणाने पथ्य असलेल्या माणसाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या रकान्यात लिहावा, म्हणजे कपात करण्याची वेळ आली की तो इतर खर्चाबरोबर चुकून कापला जात नाही. तळणीचे तेल काळपट पडले, फेसाळू लागले किंवा कमी आचेवरच धूर सोडू लागले की ते पुन्हा वापरू नये; दरवेळी कमी तेलात, लहान कढईत तळले तर मुळात उरतेच थोडे.